रोधाचे गणित मांडणारा शाळाशिक्षक

स्नानगृहातील गीझरच्या अंगावर एक छोटी पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर २३० व्होल्ट आणि २००० वॅट असे दोन आकडे छापलेले असतात. दुरुस्तीला येणाऱ्या वायरमनला उरलेले दोन आकडे कोणी सांगावे लागत नाहीत. २००० ला २३० ने भागले की सुमारे ८.७ अँपिअर हा विद्युतप्रवाह मिळतो आणि २३० ला ८.७ ने भागले की आतल्या तारेचा रोध सुमारे २६.४ ओहम निघतो. हे उपकरण ६ अँपिअरच्या साध्या प्लगवर का लावायचे नाही, त्यासाठी १६ अँपिअरचा मोठा प्लग का हवा, याचे उत्तर या पहिल्याच भागाकारात आहे. यातला दुसरा भागाकार, म्हणजे विद्युतदाबाला प्रवाहाने भागून रोध काढणे, शाळकरी मुलालाही जमतो. तो इतका सोपा आहे की कोणाला तरी तो शोधून काढावा लागला असेल, अशी शंकाही मनात येत नाही. प्रत्यक्षात तो शोधणाऱ्या जॉर्ज सायमन ओहम यांना त्यापायी हातची नोकरी सोडावी लागली आणि मनाजोगत्या प्राध्यापकपदासाठी वयाची साठी ओलांडेपर्यंत वाट पाहावी लागली.

ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन या गावी झाला. वडील योहान वोल्फगांग हे कुलपे तयार करणारे कारागीर होते, तर आई एका शिंप्याची मुलगी. घरात सात मुले जन्मली, त्यांपैकी तीनच जगली. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली. वडिलांचे शालेय शिक्षण फारसे झालेले नव्हते. परंतु या गृहस्थाने स्वतःच्या प्रयत्नाने गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांचा एवढा अभ्यास केला होता की जॉर्ज आणि त्याचा धाकटा भाऊ मार्टिन यांना तो घरीच शिकवीत असे. गावातल्या शाळेत मुलांना जे मिळत नव्हते ते बापाच्या कामशाळेत मिळाले. विद्यापीठातील प्राध्यापक लांग्सडोर्फ यांनी या मुलांची परीक्षा घेतली तेव्हा त्यांना बर्नुली घराण्यातील गणिती बंधूंची आठवण झाली. धाकटा मार्टिनही पुढे बर्लिनमध्ये गणिताचा प्राध्यापक झाला. कामशाळेत जॉर्जला आणखी एक गोष्ट मिळाली. धातूची तार ओढणे, पत्रा कापणे, बारीक सांधा जुळवणे हे कौशल्य त्याच्या हातात आले. पुढील आयुष्यात या कौशल्याचा उपयोग त्याच्या गणिताइतकाच झाला.

१८०५ मध्ये तो एर्लांगेन विद्यापीठात दाखल झाला आणि इथे कथेला थोडे वेगळे वळण मिळाले. नाच, बिलियर्ड आणि बर्फावरील घसरण या तीन छंदांत त्याचा वेळ जाऊ लागला. पोटाला चिमटा घेऊन मुलाला शिकवणाऱ्या बापाचा संताप झाला. तीन सत्रांनंतर जॉर्जला विद्यापीठ सोडावे लागले आणि १८०६ च्या सप्टेंबरात तो स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणित शिकवण्यासाठी गेला. त्या वेळी त्याचे वय सतरा वर्षांचे होते. पुढे १८०९ पासून न्यूशातेल येथे खासगी शिकवण्या करीत त्याने लांग्सडोर्फ यांच्या सल्ल्यावरून ऑयलर, लाप्लास, लाक्रुआ यांचे ग्रंथ एकट्याने वाचून काढले. १८११ मध्ये तो परतला आणि त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला त्याला डॉक्टरेट मिळाली.

यानंतरची वर्षे आपल्याकडच्या कंत्राटी अध्यापकांना ओळखीची वाटावीत. ओहम यांनी विद्यापीठात तीन सत्रे शिकवले. पण त्या उत्पन्नात पोट भरेना. १८१३ मध्ये बांबेर्ग येथील एका सामान्य शाळेत नोकरी मिळाली. ती शाळा १८१६ मध्ये बंद पडली आणि त्यांना त्याच गावातल्या दुसऱ्या, विद्यार्थ्यांनी खच्चून भरलेल्या शाळेत धाडण्यात आले. अशा उदास दिवसांत त्यांनी भूमितीच्या अध्यापनावर एक पुस्तक लिहिले आणि त्याची प्रत प्रशियाच्या राजाकडे पाठवली. राजदरबारी पाठवलेल्या पुस्तकांचे एरवी काय होते, हे सांगायला नको. पण हे पुस्तक उपयोगी पडले. ११ सप्टेंबर १८१७ रोजी ओहम यांची कलोन येथील जेझुइट शाळेत गणित व भौतिकशास्त्राचे शिक्षक म्हणून नेमणूक झाली. या शाळेची प्रयोगशाळा सुसज्ज होती. पुढे थोर गणिती म्हणून नावारूपाला आलेला डिरिश्ले हा मुलगा तिथे त्यांच्या हाताखाली शिकला. इथेच ओहम विजेकडे वळले.

त्या वेळी विजेचे शास्त्र किती बाल्यावस्थेत होते, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढील भागाचे महत्त्व कळणार नाही. व्होल्टा यांचा विद्युतघट १८०० सालचा. तारेतून वाहणारी वीज जवळची चुंबकसुई हलवते, हे ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखवले. व्होल्ट, अँपिअर, ओहम, वॅट यांपैकी एकही एकक अस्तित्वात नव्हते. विद्युतदाब आणि विद्युतप्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचीही बहुतेकांना स्पष्ट कल्पना नव्हती. बाजारात प्रवाहमापक मिळत नव्हता; ज्याला मोजायचे असेल त्याने आपले यंत्र आपणच करायचे. तार लांब केली की विजेचा परिणाम कमी होतो, हे सर्वांना ठाऊक होते. किती लांब केली की किती कमी होतो, हा हिशेब मात्र कोणी मांडून प्रसिद्ध केला नव्हता. इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७८१ च्या सुमारास या दिशेने बरीच मजल मारली होती. पण त्यांची टिपणे कपाटातच राहिली आणि १८७९ मध्ये मॅक्सवेल यांनी छापल्यावर जगाला कळली.

ओहम यांनी पहिला प्रयत्न केला तो व्होल्टाच्या पद्धतीचा घट वापरून. १८२५ मध्ये त्यांनी त्यावरचा पहिला निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात दिलेले सूत्र चुकले. तारेची लांबी आणि प्रवाहातील घट यांचा संबंध त्यांनी लॉगॅरिदमच्या साहाय्याने मांडला होता. चुकीचे मूळ गणितात नव्हते, घटात होते. तो घट जोडल्या क्षणापासून मंदावत जाई. एक तार मोजून दुसरी लावेपर्यंत मूळ जोरच बदललेला असे. निम्म्या वाटेत आखडत जाणाऱ्या पट्टीने कापड मोजावे, तसा हा प्रकार होता. पुष्कळ माणसे छापून गेलेल्या सूत्राला चिकटून राहतात आणि विसंगत आकड्यांसाठी सबबी शोधतात. ओहम यांनी तसे केले नाही. माझ्या मते त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोलाचा भाग नियमापेक्षाही हा आहे.

नियतकालिकाचे संपादक पोगेनडोर्फ यांनी त्यांना घटाऐवजी थर्मोकपल वापरण्याची सूचना केली. दोन वेगळ्या धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानाला ठेवले की परिपथात वीज वाहते, हा झेबेक यांचा १८२१ मधील शोध. तापमानातला फरक कायम ठेवला तर विजेचा जोरही कायम राहतो, हा यातला लाभ. ओहम यांनी बिस्मथची कांब घेतली, तिच्या दोन टोकांना तांबे जोडले, एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला. पाणी उकळते तेच तापमान आणि बर्फ वितळते तेच तापमान. घटासारखे थकणे इथे नव्हते. प्रवाह मोजण्यासाठी त्यांनी धातूच्या बारीक पट्टीला चुंबकसुई टांगली. वीज वाहू लागली की सुई वळे. वरची घुंडी पिळून ती पुन्हा मूळ जागी आणायची आणि त्यासाठी किती पीळ द्यावा लागला ते वाचायचे. हा पीळ म्हणजेच प्रवाहाचे माप. कुलपे करणाऱ्याच्या मुलाला असे यंत्र घडवणे अवघड नव्हते.

मग त्यांनी एकाच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. त्यांची लांबी २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच होती. १८२६ च्या जानेवारीत, ८ तारखेला घेतलेल्या मापांमध्ये २ इंची तारेला पिळाचा आकडा ३२६.७५ आला आणि १३० इंची तारेला ४८.५. तार ६५ पट लांब झाली, पण प्रवाह काही ६५ पट कमी झाला नाही. तो सातव्या हिश्श्याच्या आसपास आला. इथे एखादा गोंधळून गेला असता. ओहम यांनी ओळखले की वीज केवळ त्या तारेतून जात नाही. बिस्मथच्या कांबेतून, तांब्याच्या जोडांतूनही जाते आणि त्या सर्वांचा अडथळा तारेच्या अडथळ्यात मिळवला पाहिजे. हा बाकीचा अडथळा त्यांच्या तारेच्या भाषेत २०.२५ इंच भरला. वाचकांनी कागद घेऊन पाहावे. २ आणि २०.२५ यांची बेरीज २२.२५, तिला ३२६.७५ ने गुणले की ७२७० येतात. १३० आणि २०.२५ यांची बेरीज १५०.२५, तिला ४८.५ ने गुणले की ७२८७ येतात. मधल्या १८ इंची तारेचा आकडा १९०.७५ होता, त्याचा गुणाकार ७२९६ होतो. हाताने घडवलेल्या यंत्रावर तिन्ही आकडे एकमेकांना इतके चिकटून यावेत, हे विलक्षण आहे. प्रवाह आणि एकूण रोध यांचा गुणाकार बदलत नाही. जो बदलत नाही तो आकडा म्हणजे विजेला ढकलणारा जोर, ज्याला आज आपण व्होल्टेज म्हणतो. सांध्यांच्या तापमानातला फरक कमी केल्यावर हा आकडा उतरला, २०.२५ इंचांत मात्र फरक पडला नाही. दाब हा स्रोताचा गुण आणि रोध हा वाटेचा गुण, ही फोड त्या आकड्यांतून प्रथमच स्वच्छ झाली.

विजेच्या परिपथाचा पाया एवढ्याने घातला गेला होता. ओहम यांना मात्र त्याला गणिताचे मंदिर बांधायचे होते. १८२६ मध्ये त्यांनी अर्ध्या पगारावर रजा घेतली आणि ते बर्लिनला भावाकडे गेले. फ्रेंच गणिती फूरिए यांनी १८२२ मध्ये उष्णतेच्या वहनाचा सिद्धांत मांडला होता. उष्णता जशी तापमानातल्या फरकामुळे वाहते तशी वीज दाबातल्या फरकामुळे वाहते, हे साम्य धरून ओहम यांनी गॅल्व्हॅनिक परिपथाचे गणिती विवेचन करणारा आपला ग्रंथ लिहिला. तो १८२७ मध्ये बर्लिनमध्ये प्रसिद्ध झाला. या ग्रंथावर विद्यापीठात जागा मिळेल, अशी त्यांची आशा होती.

ती आशा फोल ठरली. या प्रसंगाभोवती पुढे बऱ्याच दंतकथा रचल्या गेल्या. सारे विद्वज्जन ओहम यांच्यावर तुटून पडले आणि नियम खोटा ठरवून त्यांना नोकरीवरून हाकलले, असे चित्र अनेक पुस्तकांत दिसते. ते खरे नाही. पोल नावाच्या अभ्यासकाने ग्रंथावर कडक टीका केली, हे खरे. निसर्गाचे आकलन चिंतनाने करावे, असे मानणाऱ्या तत्कालीन जर्मन वर्तुळांना समीकरणांचा तिटकारा होता, हेही खरे. परंतु दोष काही अंशी ग्रंथाचाही होता. ओहम यांनी भक्कम प्रयोग मागे ठेवले आणि अवघड गणित पुढे केले. ज्या तारांनी आणि पिळाच्या आकड्यांनी कोणाचीही खात्री पटली असती, त्या वाचकाला सहजी भेटतच नव्हत्या. ग्रंथ फारसा कोणी वाचला नाही आणि न वाचलेल्या ग्रंथावर कोणी प्राध्यापकपद देत नाही. दुखावलेल्या ओहम यांनी कलोनला परतण्याचे नाकारले आणि १८२८ च्या मार्चमध्ये राजीनामा दिला. त्यांना कोणी हाकलले नव्हते. एकोणचाळिसाव्या वर्षी सुरक्षित नोकरी सोडून बर्लिनमध्ये तात्पुरत्या शिकवण्यांवर गुजराण करण्याचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता. तो मानी होता, व्यवहारी खचितच नव्हता. पाच वर्षे अशीच गेली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत त्यांना जागा मिळाली. पोटाचा प्रश्न सुटला. पण हवे होते ते विद्यापीठातील आसन नव्हतेच.

दरम्यान त्यांचा नियम दुसऱ्या वाटेने जगात शिरत होता. लाइपझिगच्या फेशनर यांनी १८३१ मध्ये आपल्या विस्तृत प्रयोगांनी त्याला पुष्टी दिली. फ्रान्समध्ये पुये यांनी स्वतंत्रपणे तेच संबंध दाखवले. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तारायंत्राचा जन्म. गाउस आणि वेबर यांनी १८३३ मध्ये ग्योटिंगेनमध्ये तार ओढली. इंग्लंडमध्ये कुक आणि व्हीट्स्टन यांचे तारायंत्र १८३७ मध्ये आले. मैलोन्मैल लांबीच्या तारेच्या शेवटाला सुई हलण्याइतका प्रवाह उरेल की नाही, त्यासाठी किती घट लागतील, तार जाड घ्यावी की घट वाढवावेत, हे प्रश्न आता पैशांचे झाले होते. त्यांना ओहम यांच्या भागाकाराखेरीज उत्तर नव्हते. तत्त्वज्ञांना जे पटवता आले नाही ते तारखात्याच्या खर्चाने पटवले.

१८४१ मध्ये ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर निघाले आणि त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने ओहम यांना कॉप्ली पदक दिले. नियम छापल्याला तोवर चौदा वर्षे उलटली होती.

याच काळात हिशेबाची दुसरी बाजू पुरी झाली, ती मात्र ओहम यांच्या हातून नव्हे. रोध समजला, प्रवाह समजला. पण त्या प्रवाहाने किती काम होते, तार किती तापते? मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डमधील एका मद्यनिर्मात्याचा मुलगा जेम्स जूल याने १८४० आणि १८४१ मध्ये हे मोजून दाखवले. तारेत दर सेकंदाला निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि रोधाच्या पटीत असते, हा त्याचा नियम. जूलच्या नियमात ओहम यांचा नियम मिसळला की शक्ती म्हणजे दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार, हे सूत्र सरळ मिळते. आरंभी गीझरवरून आपण प्रवाह काढला तो याच सूत्राने. गावाकडे सायंकाळी दाब १८० व्होल्टवर उतरतो तेव्हा पाणी का तापत नाही, याचाही उलगडा त्यात आहे. २६.४ ओहमच्या तारेतून मग ६.८ अँपिअरच वाहतात आणि २००० ऐवजी सुमारे १२२५ वॅटच मिळतात. दाब पाचव्या हिश्श्याहून थोडा अधिक घटतो, पण शक्ती जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घसरते, कारण दाब कमी झाला की प्रवाहही कमी होतो आणि गुणाकाराला दोन्हीकडून फटका बसतो.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. तार तापली की तिचा रोध बदलतो. गीझरच्या मिश्रधातूच्या तारेत हा फरक किरकोळ असतो, म्हणून वरचा हिशेब जुळतो. जुन्या पद्धतीच्या ६० वॅटच्या तारेच्या दिव्याचा रोध मात्र गणिताने सुमारे ८८० ओहम निघतो आणि दिवा बंद असताना मापक लावला तर त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी दिसतो. गणित चुकलेले नसते, मापकही नादुरुस्त नसतो; तापलेली आणि थंड टंगस्टनची तार या दोन वेगळ्या तारा असतात. ओहम यांचा नियम तापमान कायम राहील अशी अट घालतो.

पदक मिळाल्यावरही ओहम न्यूरेंबर्गलाच शिकवत राहिले. १८४३ मध्ये त्यांनी ध्वनीकडे वळून आणखी एक मूलगामी विचार मांडला: कान मिश्र स्वरातील साधे स्वर वेगळे करून ऐकतो. त्यावर वाद झाला, ओहम यांनी तो फार ताणला नाही आणि पुढे हेल्महोल्ट्स यांनी त्या विचाराला प्रतिष्ठा मिळवून दिली. १८४५ मध्ये किर्खहोफ यांनी फाटे फुटणाऱ्या गुंतागुंतीच्या परिपथांसाठी नियम दिले, त्यांचा पाया ओहम यांचाच होता. ओहम यांना स्वतःला द्रव्याच्या रेण्वीय रचनेवर मोठा ग्रंथ लिहायचा होता. १८४९ मध्ये त्याचा पहिला खंड निघाला आणि काम तिथेच थांबले. त्याच वर्षी त्यांना म्युनिकला बोलावण्यात आले आणि तेथील अकादमीच्या भौतिक उपकरणसंग्रहाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. विद्यापीठातील प्रायोगिक भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद त्यांना १८५२ मध्ये लाभले. तेव्हा ते त्रेसष्ट वर्षांचे होते. त्यांनी विवाह केला नव्हता. प्राध्यापक झाल्यानंतर दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी म्युनिकमध्ये त्यांचे निधन झाले.

नावाचा सन्मान यथावकाश आला आणि त्याचीही वाट थोडी वाकडीच निघाली. १८५८ मध्ये अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेली पहिली केबल बेहिशेबी दाब दिल्यामुळे काही आठवड्यांत निकामी झाली. मोजमापाची सर्वमान्य एकके नसतील तर किती पैसा बुडतो, हे त्यातून उमगले. १८६१ मध्ये लॅटिमर क्लार्क आणि चार्ल्स ब्राइट या तारायंत्र अभियंत्यांनी एककांना शास्त्रज्ञांची नावे देण्याची कल्पना मांडली. ओहम यांचे नाव त्यांनी सुचवले होते ते विद्युतदाबासाठी! ब्रिटिश असोसिएशनच्या समितीच्या कामातून ते पुढे रोधाकडे आले आणि १८८१ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने व्होल्ट, अँपिअर आणि ओहम ही एकके मान्य केली. १८८२ मध्ये विल्यम सीमेन्स यांनी शक्तीच्या एककासाठी वॅट हे नाव सुचवले. १८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेने ओहमची व्याख्या ठरवली, तीही एका लांबीच्या रूपात: वितळत्या बर्फाच्या तापमानाला १०६.३ सेंटिमीटर लांबीच्या, ठरावीक वस्तुमानाच्या पाऱ्याच्या स्तंभाचा रोध. कलोनच्या शाळेत तारांची लांबी इंचांत मोजणाऱ्या शिक्षकाच्या पद्धतीशी ही व्याख्या अगदी सुसंगत होती. २०१९ पासून ओहमचे माप निसर्गातील स्थिरांकांवरून काढले जाते आणि पाऱ्याचे स्तंभ संग्रहालयात गेले आहेत.